युद्धानंतर (लेखांक ६) : कोण परतलं, कोण राहिलं

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला अर्जुनी मोरगाव तालुका लागतो. धानाची बांधी, इटियाडोह धरण, पलीकडे गडचिरोलीचं जंगल. धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडकडे नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ साली वसलेली. त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर ही बंगाली निर्वासितांची गावं. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला १९९९ मध्ये.

मागच्या लेखांकात आपण अफगाणिस्तान पाहिला. भारताने तिथे झरंज-देलाराम रस्ता केला, सलमा धरण बांधलं, संसदेची इमारत उभी केली. बांधकामं राहिली, ज्या सरकारसाठी बांधली ते २०२१ मध्ये गेलं. या वेळी घराजवळचं उदाहरण घेऊ, कारण उद्ध्वस्त देश सावरताना पहिला प्रश्न सिमेंटचा नसतो, माणसांचा असतो. पळून आलेल्यांचं काय करायचं?

पूर्व पाकिस्तानातून १९७१ च्या आधीही लोंढे येत होते. १९६४ च्या दंगलींनंतर तर फारच. त्यांना भारताने जमीन दिली. त्यासाठी १९५८ पासून दंडकारण्य प्रकल्प होता, रायपूरजवळ माना इथे मोठी छावणी होती. चंद्रपूर-भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यातही निर्वासित कुटुंबं वसवली गेली. नदीनाल्यांच्या मुलखातली, मासे आणि भात यांवर वाढलेली ही माणसं.

१९७१ मध्ये जवळपास एक कोटी लोक आले आणि धोरण बदललं. इंदिरा गांधींच्या सरकारने ठरवलं, की २५ मार्चनंतर आलेल्यांना निवारा आणि शिधा मिळेल, जमीन मिळणार नाही. ते परत जातील. वरवर निर्णय कठोर वाटतो. पण त्यांना इथेच वसवलं असतं, तर माणसं हाकलून देणाऱ्या पाकिस्तानी लष्कराचं काम आपणच पूर्ण केलं असतं. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. निर्वासितांच्या खर्चासाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. जुन्या पाकिटांवर ते अजून दिसतं; गावाकडून मुंबईला खुशाली कळवणाऱ्यालाही परराष्ट्र धोरणाचा वाटा भरावा लागत होता.

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली, पूर्व पाकिस्तानचा बांगलादेश झाला आणि फेब्रुवारी १९७२ संपेपर्यंत नव्वद लाखांहून अधिक लोक परतलेही. इतकी मोठी परतपाठवणी इतक्या कमी वेळात क्वचितच कुठे झाली असेल. परतून काय मिळालं? जळालेली घरं आणि मोडलेले पूल. पद्मेवरचा हार्डिंग पूल भारताच्या मदतीने दुरुस्त होऊन ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झाला. चितगाव बंदरातले सुरुंग आणि बुडालेली जहाजं सोव्हिएत नौदलाने काढली, त्याला १९७४ उजाडलं.

भारतीय सैन्य मात्र १२ मार्च १९७२ लाच ढाक्यातून निघालं. माझ्या मते हा त्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय. मुक्त करणारं सैन्य सहा महिने जास्त थांबलं, की लोक त्याच्याकडे ताबा घेणारं सैन्य म्हणून बघू लागतात. सैन्य गेलं तरी संशय राहिलाच. आठवड्याभरात झालेल्या मैत्री करारातही अनेकांना दिल्लीचा वरचष्मा दिसला. ताग आणि तांदूळ सीमेपार चोरून जातो, ही तक्रार तर रोजची.

त्याहून किचकट गाठ कैद्यांची होती. सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक आणि नागरिक भारताच्या ताब्यात. त्यांतल्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे, असा बांगलादेशाचे पंतप्रधान शेख मुजीबुर रहमान यांचा आग्रह. पाकिस्तान बांगलादेशाला मान्यता द्यायला तयार नाही आणि चीनने १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश नकाराधिकार वापरून अडवलेला. फेब्रुवारी १९७४ मध्ये मान्यता आली, एप्रिलच्या दिल्ली करारात खटले सोडून देण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचं दार उघडलं. म्हणजे जगात पत मिळवायला न्याय गहाण पडला. त्याच वर्षी बांगलादेशात दुष्काळ. क्युबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने धान्य रोखून धरलं. १५ ऑगस्ट १९७५ ला मुजीब यांची हत्या झाली.

पूल जोडता येतो, सरकारचा पाया बाहेरून घालता येत नाही, असं कुणी म्हणेल. मला ते अर्धंच पटतं. परतलेले नव्वद लाख तिथे पेरणीला लागले नसते, तर १९७४ चा दुष्काळ किती भीषण झाला असता?

नॉर्ग्येलिंगची गोष्ट याच्या उलट. तिथे परतीचा मुद्दाच टेबलावर नाही. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. २००३ मध्ये भारताने तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं लेखी मान्य केलं. नागरिकत्व न घेतलेल्या तिबेटींचा मुक्काम नोंदणी प्रमाणपत्रावर चालतो, ज्याचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. वसाहतीत मठ आहे, शेती आहे, थंडीत स्वेटर विकायला शहरं गाठणं आहे. बीजिंगशी संबंध बिघडले किंवा सुधारले, तरी कागद तोच.

आणि अरुणनगरकडे? तिथली पिढी भारतीय आहे, मतदान करते. तरी तिथल्या अनेकांची नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे तिकडे भावकीतल्या मुलाला जे प्रमाणपत्र मिळतं, ते इथल्या मुलाला नाकारलं जातं. हा प्रश्न आता परराष्ट्र खात्याचा नाही, तहसील कचेरीचा आहे.

पुढच्या आठवड्यात श्रीलंका, १९८७ : सैन्य पाठवणं सोपं गेलं, परत आणायला १९९० उजाडलं.