माजाचं चक्र आणि ‘अडचणीची’ मादी

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस आज उंदरांवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. उंदरांचं शरीरशास्त्र मी शिकलेलो नाही, वाचलेलं आहे. मला कुतूहल आहे ते एका निष्कर्षाचं. ‘मादीचं शरीर सतत बदलतं, म्हणून प्रयोगाला नर घ्यावा’ हे वाक्य अनेक दशकं प्रयोगशाळांतून शहाणपण म्हणून चालत आलं. ते तर्काला धरून आहे का, हे आज तपासू. पण आधी ते बदल काय असतात ते नीट समजून घेऊ.

गाय माजावर येते हे आपल्या खेड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. उंदराच्या मादीलाही माज येतो, पण तो साधारण दर चार-पाच दिवसांनी. या चक्राच्या चार अवस्था मानतात: प्रोइस्ट्रस, इस्ट्रस, मेटइस्ट्रस आणि डायइस्ट्रस. पहिलीत बीजांडकोशातून इस्ट्रोजेन चढत जातं, दुसरीत मादी नराला जवळ येऊ देते आणि बीज सुटतं, उरलेल्या दोन अवस्थांत प्रोजेस्टेरॉनचा अंमल येतो. मीलन झालं नाही तर चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. स्त्रियांसारखी मासिक पाळी मात्र उंदरांत नसते.

हे सगळं आत चालतं, मग ते बाहेरून ओळखायचं कसं? 1917 साली न्यूयॉर्कमध्ये स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगच्या योनिमार्गातला स्राव रोज काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रोज पेशी वेगळ्या दिसत होत्या, आणि त्या बदलाला क्रम होता. 1922 मध्ये लाँग आणि इव्हान्स यांनी मोठ्या उंदरात हाच क्रम बारकाईने नोंदवला. माजाच्या वेळी पट्टीवर केंद्रक नसलेल्या, पापुद्र्यासारख्या पेशी दिसतात, डायइस्ट्रसमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी होते. हेच पापानिकोलाऊ पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ‘पॅप’ चाचणीमुळे जगाला माहीत झाले. म्हणजे स्त्रियांचे प्राण वाचवणाऱ्या एका चाचणीची पद्धत मादीतले ‘अडचणीचे’ बदल रोज पाहण्यातून आली. हे लक्षात ठेवा.

आता ग्रंथींकडे येऊ. सगळ्यांत बोलकं उदाहरण स्तनग्रंथीचं. छोट्या उंदराच्या मादीला स्तनग्रंथींच्या पाच जोड्या असतात. तिची रचना झाडासारखी समजा: चरबीच्या गादीत पसरलेल्या नळ्या म्हणजे फांद्या. वयात येताना इस्ट्रोजेनमुळे या फांद्या लांब वाढतात. त्यानंतर दर चक्रात प्रोजेस्टेरॉन चढलं की त्यांना बाजूने नवे फाटे आणि छोटे कोंब फुटतात, जणू पिल्लं येणारच आहेत. गर्भ राहिला नाही की त्यातल्या बऱ्याच पेशी ठरल्यासारख्या मरतात आणि झाड पुन्हा विरळ होतं. सोमवारी आणि गुरुवारी त्याच मादीची ग्रंथी पाहिली तर दोन वेगळ्या ग्रंथी पाहतोय असं वाटावं.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. प्रोजेस्टेरॉनचा निरोप ऐकण्याची सोय ग्रंथीतल्या काही पेशींनाच असते, आणि वाढत्या संख्येने विभागतात त्या बहुतांशी शेजारच्या पेशी! ऐकणारी पेशी ‘रँकल’ नावाचं प्रथिन बनवून शेजारणीला निरोप देते. 2010 साली ‘नेचर’मध्ये असंही दाखवलं गेलं, की डायइस्ट्रसमध्ये ग्रंथीतल्या मूळ पेशींचा साठाही वाढतो. याचं महत्त्व उघड आहे. जिथे पेशी वारंवार विभागतात तिथे चूक होण्याची, म्हणजे कर्करोगाची, शक्यता वाढते. स्त्रियांतही पाळीच्या उत्तरार्धात स्तनातल्या पेशींचं विभाजन वाढतं. अर्थात चार दिवसांचं चक्र आणि अठ्ठावीस दिवसांचं चक्र एक नव्हे. पण कुठे शोधायचं, ही दिशा उंदराने दिली.

आता तर्काकडे. 2009 सालचं संशोधन तपासणाऱ्या एका पाहणीत आढळलं, की मेंदूविज्ञानात फक्त मादीवर केलेल्या दर एका अभ्यासामागे फक्त नरांवर केलेले साडेपाच अभ्यास होते. कारण काय? मादीमुळे आकडे विखुरतात. हे खरं असेल तर ते मोजून दिसायला हवं, नाही का? 2014 मध्ये 293 शोधनिबंधांतल्या जवळजवळ 10,000 नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. चक्राची अवस्था न बघता घेतलेल्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नव्हते. नरही बदलतातच. एका पिंजऱ्यात ठेवले की त्यांच्यात वरचढ कोण ते ठरतं आणि त्याप्रमाणे संप्रेरकं हलतात. पण त्या बदलाला कुणी ‘अडचण’ म्हटलं नाही.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षणाचा एक दोष सांगितला आहे, अव्याप्ती. ‘गाय म्हणजे कपिल रंगाची’ असं म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहते. नरावर प्रयोग करून ‘सस्तन प्राण्यात असं घडतं’ म्हणणं हा तोच दोष. वर्गात कपिल गाईचं उदाहरण मी वर्षानुवर्षं दिलं. प्रयोगशाळेतही ती बांधलेली आहे, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं.

आणि हा दोष कागदावर राहत नाही. झोल्पिडेम हे झोपेचं औषध अमेरिकेत 1992 मध्ये मंजूर झालं होतं. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश उतरतं आणि सकाळी गाडी चालवतानाही अंमल उरू शकतो, म्हणून तिथल्या औषध नियंत्रकांनी स्त्रियांसाठी मात्रा 10 वरून 5 मिलिग्रॅम केली. कधी? 2013 मध्ये! इथे प्रश्न मासिक चक्राचा नव्हता हे खरं, पण एका शरीराला सर्वांचं माप मानण्याची सवय तीच. 2016 पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, अनुदान हवं तर प्राण्याच्या लिंगाचा विचार प्रयोगात हवाच, अशी अपेक्षा ठेवली आहे.

तेव्हा चुका दोन आहेत. चक्र नाहीच असं समजणं ही एक, आणि चक्र आहे म्हणून मादीच नको म्हणणं ही दुसरी. स्तनग्रंथीचा अभ्यास असेल तर अवस्था रोज नोंदवलीच पाहिजे, कारण तिथे बदल हाच विषय आहे. जिथे त्याने फरक पडत नाही, तिथे तो सबब म्हणून पुढे करू नये. कुठे पडतो आणि कुठे नाही, हे मात्र मोजल्यावरच कळतं. आधी ठरवून नाही.

इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.