जड गोळी की हलकी? हजार यार्डांच्या नेमबाजीचा हिशेब

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं आणि नेमबाजी आपल्याकडे चहाच्या टपरीवर चर्चेचा विषय झाली. त्या प्रकारात गोळीच्या वजनाचा फारसा प्रश्न येत नाही. पॉइंट टू टूची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. पण अंतर हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर झालं की वजनावरच सामना फिरू शकतो.

या अंतराची जुनी स्पर्धा म्हणजे ‘पाल्मा’. १८७६ साली अमेरिकेतल्या क्रीडमूर मैदानावर ती सुरू झाली. ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून मारायचं, दर वेळी एकच काडतूस हाताने भरायचं. तेव्हा शिशाच्या गोळ्या ५०० ग्रेनपेक्षाही जड असत. आज पॉइंट थ्री झिरो एट रायफलला नियमानुसार गोळी १५६ ग्रेनच्या आतच लागते.

जड म्हणजे चांगली, असं नाही

एकाच जाडीच्या गोळ्यांत जड गोळी लांब असते. ती हवेत वेग कमी गमावते आणि वाऱ्याने कमी सरकते. पण नळीतून निघताना तिचा वेग कमी असतो आणि खांद्याला धक्का जास्त बसतो. हलकी गोळी सुसाट सुटते, पण तिचा वेग लवकर उतरतो.

खरा मुद्दा असा, की निशाणापर्यंत गोळीचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा (सेकंदाला सुमारे ३४० मीटर) जास्त राहायला हवा. त्याच्या आसपास उतरला की काही गोळ्या डगमगतात. याचं प्रसिद्ध उदाहरण १६८ ग्रेनची मॅच गोळी. ती ३०० मीटरच्या स्पर्धेसाठी बनलेली. तिथे एकदम अचूक, पण हजार यार्डांवर दगा देते. १७५ ग्रेनची गोळी तिथवर टिकते. आणि ३० इंची लांब नळीतून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने सोडलेली १५५ ग्रेनचीही टिकते. म्हणजे नुसतं वजन बघून भागत नाही. आकार आणि वेगही बघावा लागतो.

आधी नळी, मग गोळी

नळीतले आटे गोळीला फिरकी देतात. गोळी जितकी लांब, तितके आटे घट्ट हवेत. १५५ ग्रेनला १३ इंचांत एक फेरा पुरतो. १७५ ला साधारण १० ते १२ इंचांत एक लागतो. फिरकी कमी पडली तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसतं.

एकेक काडतूस भरायच्या रायफलीत एक सोय असते. मॅगझिनच्या लांबीचं बंधन नसतं, त्यामुळे लांब गोळी काडतुसात थोडी पुढे बसवता येते.

मात्र हलक्या गोळीसाठी ठरलेली दारू तेवढीच ठेवून वर जड गोळी बसवली, तर नळीतला दाब धोकादायक वाढतो. इथे अंदाजपंचे चालत नाही. परवाना, प्रशिक्षक आणि उत्पादकाचा तक्ता, तिन्ही हवेत.

तेव्हा क्रम साधा ठेवा: अंतर किती, नळीचे आटे कसे, शेवटी वेग किती उरतो. वजन त्यानंतर. आणि एकदम मोठी खरेदी करण्याआधी थोड्याच गोळ्या घेऊन त्याच अंतरावर मारून बघा. कागदावरची भोकं खोटं बोलत नाहीत.