तापाचा दिवस आणि रक्ताची साक्ष

इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावात पावसाळ्यानंतर येणारा ताप डेंग्यूचा की अन्य, हे केवळ लक्षणांवरून ठरविता येत नाही. विषाणूचा शिरकाव होताच शरीर प्रतिपिंडे तयार करू लागते. ‘एलायझा’ चाचणीत रंगबदलावरून ती ओळखली जातात. १९५२ साली स्थापन झालेली पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था या चाचणीचे संच देशभर पुरविते. मात्र ही प्रतिपिंडे साधारणतः पाचव्या दिवसापासून आढळू लागतात. तत्पूर्वी विषाणूचे प्रथिन शोधणारी ‘एनएस-१’ चाचणी उपयुक्त ठरते. म्हणून ताप सुरू झाल्याचा दिवस नमुन्यासोबत नोंदविणे अगत्याचे आहे. अन्यथा ‘डेंग्यू नाही’ असा अहवाल येऊन रुग्णासह सारे गाव गाफील राहण्याचा धोका संभवतो.