गैरहजर म्हणजे शून्य नव्हे

सोलापुरात यंत्रमाग चालताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. धोटा इकडून तिकडे धावतो आहे, आणि मध्येच आडवा, म्हणजे बाण्याचा धागा तुटला, तर? मागाला एक लहानसा काटा असतो. तो धागा चाचपत राहतो. धागा लागला नाही की माग खटकन् थांबतो. विणकर येतो, धागा जोडतो, माग पुन्हा सुरू. काटा नसता तर खडखडाट चालूच राहिला असता, कापड मात्र झालं नसतं.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही असा काटा बसवावा लागतो. तो कसा, हे शाळेतल्याच उदाहरणाने पाहू.

हल्ली बरेच प्रोग्रॅम लहान लहान घटक पाडून लिहितात. माहिती आणि त्या माहितीवर करायचे काम एकत्र बांधलेले असते. अशा गाठोड्याला ऑब्जेक्ट म्हणतात, आणि तो ज्या साच्यातून निघतो त्याला क्लास. (शाळेतल्या वर्गाशी या क्लासचा संबंध नाही, नाव तेवढं एक!) समजा, आपण ‘गुणपत्रक’ नावाचा क्लास केला. त्याला शंभरांपैकी गुण द्यायचे, त्याने उत्तीर्ण की अनुत्तीर्ण ते सांगायचे. उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात.

हा साचा तपासायचा कसा? ८० गुण घातले, ‘उत्तीर्ण’ आले, की माणूस समाधानाने चहाला जातो. पण ८० मध्ये तपासण्यासारखं आहे काय? खरी खोच ३४ आणि ३५ च्या सीमेवर. लिहिणाऱ्याने ‘३५ किंवा अधिक’ याऐवजी ‘३५ पेक्षा अधिक’ असे लिहिले, तर काठावरचा मुलगा हकनाक नापास होईल, आणि ८० वाल्याला पत्ताही लागणार नाही. म्हणून ०, ३४, ३५, १०० घालून उत्तर बरोबर येते का, हे विचारणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहितात. ही युनिट टेस्ट. गणितात आपण ताळा करून पाहतो तसाच हा ताळा. फरक इतकाच, की मूळ प्रोग्रॅममध्ये काना-मात्रा बदलली तरी तो पुन्हा पहिल्यापासून चालवून पाहता येतो.

आता गुणांच्या रकान्यात कोणी ३५ ऐवजी ३५० टंकले तर? इथे ‘उत्तीर्ण’ म्हणणेही चूक आणि ‘अनुत्तीर्ण’ म्हणणेही चूक. जावा, पायथन यांसारख्या भाषांत अशा वेळी क्लासने एक्सेप्शन उठवायचे असते. म्हणजे काम तिथेच थांबवून वरच्याला हाक मारायची. वरच्याने ती हाक पकडावी आणि कारकुनाला कितव्या ओळीत काय चुकले ते दाखवावे. ‘गै.ह.’ची गोष्ट वेगळी. गैरहजेरी दर परीक्षेला असतेच. तिला क्लासमध्ये हक्काची जागा हवी, हाकाटी नको. पण कित्येक जण हाक पकडतात आणि गुपचूप शून्य लिहून मोकळे होतात. आजारी पडलेल्या मुलीच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ छापले जाते. प्रोग्रॅम बंद पडलेला बरा, पण हे नको.

मोठमोठ्यांचीही इथे फसगत झाली आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत आकाशात फुटला. दिशा सांगणाऱ्या यंत्रातला प्रोग्रॅम आधीच्या एरियान-४ वरून उचललेला होता. नव्या बाणाचा आडवा वेग जास्त. त्यामुळे ३२,७६७ पर्यंतच मावेल अशा जागेत त्याहून मोठा आकडा आला. एक्सेप्शन उठले, ते निभावणारे कोणी नव्हते. राखीव यंत्रातही तोच प्रोग्रॅम, तेव्हा तेही बंद. वर कहर म्हणजे, यंत्राने पाठवलेला बिघाडाचा निरोप मुख्य संगणकाने उड्डाणाची मोजमापे म्हणून वाचला! नव्या बाणाच्या मार्गाचे आकडे घालून त्या यंत्राची चाचणी झालेलीच नव्हती.

म्हणून ताळ्यात ३५० हाही आकडा घालावा आणि विचारावे, ‘एक्सेप्शन उठले का?’ उठले नाही तर टेस्ट नापास.

गुरुजनांना संगणकावाचूनही हा पाठ घेता येईल. जन्मतारखेवरून वय काढणारा प्रोग्रॅम आहे असे समजा, आणि त्याला कोणत्या तारखा घालून पाहाल, त्या मुलांना पाटीवर लिहायला सांगा. कोणी आजची तारीख लिहील, कोणी उद्याची. २९ फेब्रुवारी कोणाला सुचते ते पाहा.