संकेतस्थळाची घडी : मजकूर वेगळा, मांडणी वेगळी

बीड जिल्ह्यात आष्टीपासून परळीपर्यंत ११ तालुके आहेत. एखादा अर्जाचा नमुना किंवा अधिसूचना पाहण्यासाठी दूरच्या गावातील सरपंचास जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागू नयेत, हा जिल्हा संकेतस्थळाचा मूळ हेतू होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सांगितलेल्या १७ बाबींची माहिती सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. त्यासाठीही हे साधन उपयोगी पडते.

जुनी अडचण

पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान स्वतंत्रपणे तयार केले जाई. मजकूर, अक्षरांचा आकार, रंग व मांडणी हे सारे एकाच ठिकाणी गुंतलेले असे. अधिकाऱ्याची बदली झाली की त्यांचे नाव असलेले प्रत्येक पान दुरुस्त करावे लागे. एखादे पान नजरेतून सुटले, तर एकाच पदासाठी दोन नावे दिसत.

मुद्रणालयाचा दृष्टांत

मुद्रणालयात हस्तलिखित वेगळे असते आणि पानाचा आकार, स्तंभ व टाइप यांविषयीच्या सूचना वेगळ्या असतात. संकेतस्थळाच्या नव्या रचनेचे तत्त्व हेच आहे. मजकूर एका ठिकाणी, तर मांडणीच्या सूचना दुसऱ्या ठिकाणी ठेवल्या जातात. संगणक दोहोंची सांगड घालून पाने तयार करतो. त्यामुळे सूचना एकदा बदलली की सर्व पानांची मांडणी बदलते; मजकुराला मात्र धक्का लागत नाही.

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी ‘एस-थ्री-वास’ ही सामाईक चौकट विकसित केली आहे. बीड जिल्ह्याचे मराठी व इंग्रजी संकेतस्थळ याच चौकटीवर उभे आहे. सुरक्षितता, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मावणारी मांडणी आणि दिव्यांगांसाठीच्या सोयी चौकटीतून मिळतात. मजकुराची जबाबदारी जिल्ह्याची असते.

खरी कसोटी

चौकट कितीही सुबक असली, तरी शिळी माहिती ती ताजी करू शकत नाही. रद्द झालेला नमुना भरून आणलेल्या ग्रामस्थाचा हेलपाटा व्यर्थच जातो. म्हणून प्रत्येक माहितीची मूळ नोंद एकच असावी, तिच्यासाठी एक कर्मचारी जबाबदार असावा, दुरुस्तीचा दिनांक नमूद व्हावा आणि मराठी व इंग्रजी मजकूर एकाच वेळी बदलावा. शिक्षक व पंचायत सदस्यांनीही आढळलेली चूक संबंधित कार्यालयास लेखी कळविल्यास या व्यवस्थेचा लाभ शेवटच्या गावापर्यंत पोहोचेल.