सहा हजारांत शेतकरी पोसला जात नाही

“सरकार यांच्या खात्यात फुकट पैसे टाकतं, मग हे कशाला राबतील?” शेतकऱ्यांच्या खात्यात हप्ता जमा झाल्याची बातमी आली, की हे वाक्य ऐकू येतंच. शिकलेली माणसंही ते बोलतात, पण हिशेब कुणी करत नाही. तो करून पाहू.

पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळतात, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. महाराष्ट्रात २०२३पासून नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० मिळू लागले. म्हणजे महिन्याला हजार रुपये. तेही माणशी नव्हे. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एका कुटुंबाला. केंद्राच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१८-१९मध्ये शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं आणि त्यात मजुरीची कमाई पिकांच्या कमाईपेक्षा जास्त होती. स्वतःचं रान सांभाळून दुसरीकडे रोजाने जाणाऱ्याला आळशी म्हणायचं?

आता सरकार घेतं काय, तेही पाहा. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. खरिपाचा लाल कांदा बाजारात येत होता, तेव्हाच. नाशिक जिल्ह्यात भाव कोसळले, लिलाव बंद पडले. बंदी उठली मे २०२४मध्ये, तीही ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. क्विंटलमागे नुसते शंभर रुपये पडले, तरी साठ क्विंटल कांद्यात पीएम-किसानचे वर्षाचे पैसे गेले. प्रत्यक्षात भाव शंभरावर थांबत नाहीत. शंका असेल त्यांनी ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे कृषिधोरणावरचे वार्षिक अहवाल वाचावेत. निर्यातबंदी आणि भावनियंत्रणामुळे भारतातल्या शेतकऱ्यांचं होणारं नुकसान त्यांना मिळणाऱ्या अनुदानांपेक्षा मोठं आहे, असं ते अहवाल वर्षानुवर्षं मांडत आहेत. शहरातला कांदा स्वस्त राहतो, त्याची किंमत शेतकरी मोजतो. मग फुकट कोण खातंय?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“शेतकरी कर भरत नाही.” शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. पण रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आणि डिझेलवरचे कर तो भरतोच. व्यापाऱ्याला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, शेतकऱ्याला नाही.

“खताची सबसिडी शेतकऱ्याच्या खात्यात जाते.” नाही. ती खत कंपनीला मिळते. शेतकऱ्याला गोणी कमी दरात मिळते.

“कर्जमाफीचे पैसे हातात पडतात.” ते बँकेत किंवा सोसायटीत जमा होऊन थकबाकी फिटते.

“पीकविमा म्हणजे खैरात.” खरिपाच्या अन्नधान्य पिकांना विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकरी भरतो. महाराष्ट्रातली एक रुपयात पीकविम्याची सवलत २०२५मध्ये संपली.

“सातबारा असला की पीएम-किसान मिळतंच.” आयकर भरणारे, आमदार-खासदार, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील, चतुर्थ श्रेणी सोडून बाकीचे सरकारी नोकर, सगळे वगळले आहेत.

“जो शेती करतो त्याला पैसे मिळतात.” हा गैरसमज मात्र खरा ठरायला हवा होता. योजना जमिनीच्या मालकाला ओळखते. बटाईने किंवा खंडाने दुसऱ्याचं रान कसणाऱ्या भूमिहीनाला तिच्यातून एक रुपयाही मिळत नाही. अनुदानावर संतापायचंच असेल, तर या अन्यायावर संतापा.