इष्ट स्थितीचे वर्णन आणि कंटेनरांची व्यवस्था
सर्व्हरने करावयाच्या कृती न सांगता त्याची इष्ट स्थिती लिहून ठेवावयाची, हे मार्क बर्जेस यांनी १९९३ साली आरंभिलेल्या सीएफइंजिनचे तत्त्व होय. २०१२ साली आलेले अ‍ॅन्सिबलही बहुतांशी याच तत्त्वाने चालते: लिनक्स सर्व्हरवर वर्णनानुरूप कंटेनर आढळल्यास ते काहीच करीत नाही, न आढळल्यास तो उभा करते. म्हणून एकच वर्णन पुनःपुन्हा लावले तरी अपाय होत नाही.

तथापि कंटेनर ज्या इमेजवरून उभा राहतो तिचा ‘लेटेस्ट’ हा टॅग प्रकाशक केव्हाही नव्या इमेजकडे वळवू शकतो. मग वर्णन एकच असूनही निरनिराळ्या दिवशी उभारलेले दोन सर्व्हर भिन्न इमेज चालवितात, आणि स्थानिक साठ्यातील इमेजच पाहणारे अ‍ॅन्सिबल दोहोंविषयी ‘बदल नाही’ असा निर्वाळा देते. यास्तव वर्णनात टॅगऐवजी, इमेजच्या आशयावरून काढलेला एसएचए-२५६ डायजेस्ट नमूद करणे अवश्य होय.